अहवाल निर्दोष, तरीही रकान्यात ‘आर’

साताऱ्याजवळच्या एका गावात माझा गोठवलेल्या चिकन कबाबांचा आणि खिम्याचा छोटा उद्योग आहे. जून २०२३ ते मार्च २०२४ या काळात परवाना, प्रयोगशाळा, कोंबडीपालकाची शेड आणि माझी स्वतःची कामाची खोली यांच्यामध्ये मी ज्या चकरा मारल्या, त्यांचा हा हिशेब आहे. ‘आमच्या चिकनमध्ये प्रतिजैविके नाहीत’ एवढे एक वाक्य पाकिटावर छापता यावे, इतकीच माझी अपेक्षा होती. ते वाक्य मी अजून छापलेले नाही. का छापले नाही हे कळेपर्यंत जो वेळ आणि पैसा गेला, तो दुसऱ्या कोणाचा तरी थोडा वाचेल, या आशेने सगळे तारीखवार लिहीत आहे.

सुरुवात मात्र वर्षभर आधीची सांगावी लागेल. ऑगस्ट २०२२ मध्ये माझ्या वडिलांना, अण्णांना, मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. थंडी वाजून ताप येई, गोळ्यांनी दोन तास उतरे आणि पुन्हा चढे. लघवीचे कल्चर केले, त्याचा अहवाल तिसऱ्या दिवशी हातात आला. त्यात औषधांच्या नावांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे एस किंवा आर असे एकच अक्षर होते. एस म्हणजे जीवाणू त्या औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही. अण्णांच्या अहवालात ई-कोलाय हा जीवाणू निघाला होता आणि १७ औषधांपैकी १२ औषधांपुढे आर होता. तळाशी ‘ईएसबीएल उत्पादक’ अशी ओळ होती. डॉक्टरांनी सांगितले की हा जीवाणू एक असे विकर (एन्झाइम) तयार करतो, ज्यामुळे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतली बहुतेक औषधे त्याच्यापुढे निकामी ठरतात. शेवटी मेरोपेनेम शिरेतून सात दिवस दिले आणि अण्णा बरे झाले. तो कागद मी फाइलला लावला आणि विसरून गेले.

कबाबांचे काम मी २०१९ मध्ये घरच्या ओट्यावर सुरू केले होते. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत होती, तोवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरत होती आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. २०२३ च्या उन्हाळ्यात मागणी वाढली, घरामागच्या खोलीत खिम्याचे यंत्र आणि दोन डीप फ्रीझर आले आणि राज्य परवाना घेणे भाग पडले. १९ जून २०२३ रोजी फॉसकॉस या संकेतस्थळावर अर्ज भरला. दिवसाला एक टनापेक्षा कमी माल करणाऱ्या उत्पादकाला तेव्हा वर्षाचे शुल्क ३,००० रुपये होते. जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याच्या तपासणीचा अहवाल, कामावरच्या चौघींचे वैद्यकीय दाखले, हे सारे आठवड्यात जमले. पण ग्रामपंचायतीच्या ना-हरकत प्रमाणपत्राने त्याआधीचा संपूर्ण मे महिना खाल्ला होता, कारण मांसाचा विषय म्हणून तो मासिक सभेपुढे ठेवावा लागला आणि सभा एकदा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. ज्यांना हा परवाना काढायचा आहे त्यांनी बाकी कशालाही हात लावण्यापूर्वी हा कागद मागून ठेवावा.

७ जुलैला अर्ज शेरा मारून परत आला. नकाशात कच्च्या आणि तळलेल्या मालाचे मार्ग वेगळे दाखवलेले नाहीत, असे त्यात म्हटले होते. कच्चे सीख कबाब आणि अर्धवट तळलेले कटलेट, दोन्ही मी त्याच खोलीत, त्याच टेबलावर करीत होते. एवढ्याशा खोलीत कसले मार्ग, असे म्हणत मी चिडले, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत होती आणि वाद घालण्यात अर्थ नव्हता. १४,००० रुपये घालून मध्ये ॲल्युमिनियमचे पार्टिशन उभे केले, नवा नकाशा चढवला, २८ जुलैला अन्न सुरक्षा अधिकारी पाहणी करून गेले आणि ११ ऑगस्टला परवाना आला. त्या शेऱ्याचा अर्थ मला जानेवारीत कळला.

परवान्याच्या अटींत एक ओळ होती, ती मी पहिल्या वाचनात ओलांडून गेले होते. उत्पादकाने आपल्या मालाची सहा महिन्यांतून किमान एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्यावी आणि अहवाल संकेतस्थळावर चढवावा. साध्या नोंदणीत ही भानगड नव्हती. त्यातच सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका वसतिगृहाच्या मेसकडून लेखी विचारणा आली. दर आठवड्याला २० किलो कबाब घेण्याची त्यांची तयारी होती, पण पालकांच्या समितीची अट होती की चिकन प्रतिजैविकमुक्त असल्याचा अहवाल जोडावा. समितीतल्या कोणी तरी सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या संस्थेचे २०१४ मधले काम वाचले होते. त्या वेळी दिल्ली परिसरातून घेतलेल्या चिकनच्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष आढळले होते. मला अट योग्यच वाटली. मी ज्यांच्याकडून कोंबड्या घेते ते आबा औषधे वापरत नाहीत, असे त्यांनी मला अनेकदा सांगितले होते. एक अहवाल काढायचा, तो परवान्यासाठीही चालेल आणि मेससाठीही, असा माझा बेत होता. तेवढ्या विश्वासावर मी ‘अँटिबायोटिक-फ्री’ असे छापलेले ४,००० स्टिकरही करून घेतले, कारण दिवाळीआधी छपाईवाला सवलत देत होता.

ऑक्टोबरभर मी प्रयोगशाळांना फोन केले. एकूण सात ठिकाणी चौकशी केली आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न उलटा आला: तुम्हाला नेमके काय तपासायचे आहे? चिकनमध्ये औषधाचे अवशेष आहेत का, ही एक चाचणी. चिकनवर जीवाणू आहेत का आणि किती, ही दुसरी. ते जीवाणू औषधांना दाद देतात का, ही तिसरी. पहिल्या दोन चाचण्या अन्नाच्या प्रयोगशाळा नित्य करतात. तिसरी मात्र परवान्याच्या निकषांत मागितलेलीच नसल्याने सातांपैकी पाच ठिकाणी ती होत नव्हती. माणसांच्या तपासण्या करणाऱ्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रोज होते, पण खिमा म्हटल्यावर तिथल्या मुलीने मला दोनदा प्रश्न विचारून खात्री करून घेतली आणि मग फोन ठेवून दिला. अखेर पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या मॅडमनी होकार दिला. त्यांनी आधीच स्पष्ट केले की ही तिसरी चाचणी त्यांच्या मान्यतेच्या व्याप्तीत येत नाही, त्यामुळे तिचा अहवाल वेगळ्या कागदावर, मान्यतेच्या चिन्हाशिवाय मिळेल. हे आधी विचारून घ्यावे. अहवाल हातात आल्यावर चिन्ह नाही म्हणून भांडणारे ग्राहक त्यांना वरचेवर भेटतात, असे त्या म्हणाल्या.

खरे म्हणजे ती तिसरी चाचणी मी का मागितली, याचे कारण अण्णांचा कागद होता. मॅडम फोनवर त्या चाचणीला ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणाल्या आणि मला तो एस-आरचा रकाना आठवला.

पहिला नमुना ६ नोव्हेंबरला नेला आणि तो नाकारला गेला. मांसाचा नमुना बर्फात गाडून नव्हे, पण बर्फाच्या सहवासात, साधारण ० ते ४ अंशांत, एका दिवसाच्या आत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. मी साध्या थर्मोकोलच्या खोक्यात घरातला बर्फ पिशवीत बांधून ठेवला होता, एस.टी. खंबाटकी घाटात दीड तास अडकली, बर्फ वितळला, पाणी पाकिटांत शिरले आणि खिडकीवर तापमान मोजले तेव्हा ते ११ अंश निघाले. त्या तापमानात जीवाणू वाढत राहतात आणि मग अहवाल चिकनचा न राहता प्रवासाचा होतो. मधे दिवाळी आली. २१ नोव्हेंबरला, मंगळवारी, जाड भिंतीचे खोके, रात्रभर गोठवलेले सहा जेल पॅक आणि आत एक छोटा थर्मामीटर घेऊन पहाटे साडेपाचला निघाले. मंगळवार मुद्दाम निवडला, कारण साल्मोनेला या अन्नातून विषबाधा करणाऱ्या जीवाणूच्या चाचणीला चार ते पाच दिवस लागतात आणि गुरुवारी-शुक्रवारी दिलेला नमुना रविवारच्या सुटीत अडकतो. एकाच बॅचची पाच सीलबंद पाकिटे द्यावी लागली, कारण जीवाणूंचे निकष पाच नमुन्यांच्या संचावर ठरलेले आहेत. प्रत्येक पाकिटातले २५ ग्रॅम मांस साल्मोनेलासाठी वापरले जाते आणि त्यात तो मुळीच नसावा लागतो.

जीवाणूंच्या नेहमीच्या संचाचे ६,५०० रुपये, औषधांच्या अवशेषांचे ९,००० रुपये आणि पाच नमुन्यांतून वेगळ्या काढलेल्या जीवाणूंच्या सेन्सिटिव्हिटीचे प्रत्येकी १,२०० प्रमाणे ६,००० रुपये, शिवाय १८ टक्के जीएसटी, असे पहिल्या फेरीचे २५,३७० रुपये झाले. ते भरताना हात थरथरला, हे कबूल करते. माझ्या महिन्याच्या नफ्यातला तो मोठा वाटा होता.

४ डिसेंबरला पहिले दोन अहवाल ई-मेलने आले. साल्मोनेला पाचही नमुन्यांत नव्हता. अवशेषांच्या अहवालात टेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशी नावे ओळीने होती आणि प्रत्येकापुढे ‘आढळले नाही’ असे लिहिले होते. मी तो कागद छापून भिंतीवर लावला, संकेतस्थळावर चढवला आणि मेसला फोन करून सांगितले की अहवाल पाठवते. सासूबाईंनी त्या दिवशी गोड केले.

तिसरा अहवाल १२ डिसेंबरला आला. पाच नमुन्यांतून ई-कोलाय वाढवून, प्रत्येक नमुन्यातला एक जीवाणू वेगळा काढून, त्याच्या थरावर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडले तर चकतीभोवती जीवाणूविरहित स्वच्छ वर्तुळ तयार होते आणि ते मिलिमीटरमध्ये मोजतात. माझ्या कागदावर पाचांपैकी चार जीवाणू टेट्रासायक्लिनला दाद देत नव्हते, तीन सिप्रोफ्लॉक्सॅसिनला, आणि दोघांपुढे तीच ओळ होती जी अण्णांच्या कागदावर होती: ईएसबीएल उत्पादक. मेरोपेनेमपुढे मात्र पाचही ठिकाणी एस होता. मी फाइल काढून दोन्ही कागद शेजारी ठेवले. रकाने तेच, नावे बरीचशी तीच, अक्षरेही तीच. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि जे मनात येत होते ते इथे लिहिणे आवश्यक आहे, कारण ते चुकीचे होते. अण्णांचा संसर्ग माझ्या चिकनमुळे झाला, असे या दोन कागदांवरून कोणालाही म्हणता येत नाही. ईएसबीएल जीवाणू रुग्णालयांत, सांडपाण्यात, निरोगी माणसांच्या आतड्यातही असतात. दोन जीवाणू एकाच वंशावळीचे आहेत का, हे त्यांचा जनुकीय क्रम वाचल्याशिवाय सांगता येत नाही आणि अण्णांचा जीवाणू तर कोणी जपून ठेवलेला नव्हता. मॅडमनी हे मला दुसऱ्या दिवशी अर्धा तास फोनवर समजावले, त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

माझा मुख्य प्रश्न वेगळा होता. औषधच आढळले नाही, तर औषधाला दाद न देणारे जीवाणू आले कुठून? मॅडमचे उत्तर असे की अवशेषांची चाचणी कोंबडीच्या शरीरात आज काय आहे ते सांगते. तिच्या आतड्यात यापूर्वी काय घडून गेले, ते सांगत नाही. औषध यकृत-मूत्रपिंडातून निघून जाते. औषध दिल्यावर जे जीवाणू मेले नाहीत, ते मागे राहतात, वाढतात, विष्ठेतून शेडमधल्या तुसात पसरतात, पुढच्या बॅचच्या पिल्लांच्या चोचीत जातात. शिवाय दाद न देण्याचा गुण प्लाझ्मिड नावाच्या जनुकांच्या छोट्या कड्यांवर असला, तर एक जीवाणू तो दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो. कत्तलीनंतर आतडे काढताना जराशी विष्ठा मांसाला लागली की तेवढे पुरते. म्हणजे माझे स्टिकर खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते.

१६ डिसेंबरला, शनिवारी, मी आबांच्या शेडवर गेले. आबांचे वय साठीच्या पुढे आहे. काही वर्षे त्यांनी एका कंपनीसाठी करारावर कोंबड्या पाळल्या, मग स्वतंत्र झाले. १,२०० पिल्लांची बॅच, ४० दिवसांत विक्री. आरोप करायला गेले नव्हते, पण तोंडातून शब्द तसेच निघाले असावेत, कारण आबा सुरुवातीला गप्पच झाले. चहा झाल्यावर त्यांनी फळीवरची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. ‘ताई, औषध म्हणजे आजारात देतात ते. हे तर पिल्लं उतरली की पहिले तीन दिवस पाण्यातून द्यायचंच असतं,’ ते म्हणाले. बाटली एन्रोफ्लॉक्सॅसिनची होती. ते खोटे बोलले नव्हते. पहिल्या तीन दिवसांच्या कोर्सला ते औषध समजतच नव्हते, जसे आपण मिठाला मसाला समजत नाही.

बाटलीवर बारीक अक्षरांत औषध बंद केल्यानंतर किती दिवसांनी मांस खाण्यास द्यावे, ते छापलेले होते. २०१२ पासून आपल्याकडे अशा औषधांच्या वेष्टनावर हा कालावधी छापणे बंधनकारक आहे, आणि जिथे तो विशेष ठरवून दिलेला नसेल तिथे मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत असा नियम आहे. आबांनी औषध तिसऱ्या दिवशी थांबवले, कोंबडी ४० व्या दिवशी विकली. मधे ३७ दिवस गेले. नियम पूर्ण पाळला गेला होता आणि म्हणूनच माझा अवशेषांचा अहवाल इतका निर्मळ होता. पण ते तीन दिवस १,२०० पिल्लांच्या आतड्यांत दाद न देणाऱ्या जीवाणूंची निवड करून गेले होते. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे माणसांच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे सख्खे भावंड आहे. प्राण्याच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्येच बदलतो. अमेरिकेने कोंबड्यांसाठी त्याची मान्यता २००५ मध्ये काढून घेतली, ती कोंबड्यांतले कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू या गटाच्या औषधांना दाद देईनासे झाले म्हणून.

आबांनी आणखी एक सांगितले. करारावर असताना खाद्यात मिसळायची एक पूड येई, तिने वजन चांगले भरे; मग २०१९ नंतर ती यायची बंद झाली. ती कोलिस्टिन होती. जिथे दुसरे काहीच चालत नाही अशा रुग्णांसाठी डॉक्टर जे औषध राखून ठेवतात, तेच हे. चीनमध्ये डुकरे, डुकराचे मांस आणि चिकन यांवरच्या ई-कोलायमध्ये कोलिस्टिनला निष्प्रभ करणारा एमसीआर-१ हा जनुक प्लाझ्मिडवर सापडल्याचे २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, आणि भारतात केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला. माझ्या अहवालात कोलिस्टिनचा रकाना नाही, कारण ते औषध कागदी चकतीच्या पद्धतीने भरवशाने तपासता येत नाही, द्रव माध्यमातली वेगळी पद्धत लागते. तिचा खर्च मला झेपणारा नव्हता.

दोष आबांच्या पदरात टाकून मी मोकळी होणार होते, पण मॅडमनी सुचवले की आता स्वतःच्या खोलीतलेही नमुने द्या. ९ जानेवारी २०२४ ला सहा स्वॅब घेतले: दुकानातून कोंबडी कापून येते तो क्रेट, माझा कापायचा फळा, खिमा यंत्राची जाळी, मिश्रणाचे पातेले, कटलेट तळून ठेवण्याचा ट्रे आणि एका कामगार ताईंचा हात. निर्जंतुक ओला बोळा दहा बाय दहा सेंटीमीटर जागेवरून फिरवायचा, नळीत बंद करायचा आणि थंड न्यायचा. प्रत्येकी ७०० रुपये, शिवाय तीन ठिकाणी ई-कोलाय वाढले त्यांच्या सेन्सिटिव्हिटीचे ३,६०० आणि कर धरून ९,२०४ रुपये झाले. १९ जानेवारीला उत्तर आले. क्रेट, जाळी आणि तळलेल्या कटलेटचा ट्रे. जाळीवरचा जीवाणू ईएसबीएल होता, ट्रेवरचाही.

ट्रेचे वाचून मी खाली बसले. कटलेट कढईतून निघताना त्याच्या पृष्ठभागावर असा जीवाणू जिवंत उरत नाही. हा जीवाणू औषधाला दाद देत नाही म्हणून उष्णतेलाही देत नसेल, असा माझा समज होता, तो मॅडमनी खोडून काढला: मांसाच्या आतपर्यंत ७५ अंश तापमान गेले की तो इतरांसारखाच मरतो. म्हणजे तळल्यानंतर तो पुन्हा आला होता. पार्टिशन उभे होते, मार्ग वेगळे होते, पण ट्रे धुण्याचा नळ आणि घासणी मी एकच ठेवली होती. जुलैमधल्या त्या शेऱ्याला मी कागदी खुसपट समजले होते.

जाळीचेही तसेच. अख्ख्या तुकड्यावर जीवाणू बहुतेक पृष्ठभागावर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात, आणि दिवसाच्या पहिल्या किलोतले जीवाणू जाळीच्या भोकांत बसून शेवटच्या किलोपर्यंत पोहोचतात. आता दर दोन तासांनी यंत्र सुटे करून गरम पाणी आणि साबणाने धुतो, मग क्लोरीनच्या पाण्यात बुडवतो. तळलेल्या बाजूला निळ्या रंगाची घासणी, ट्रे आणि ॲप्रन आहेत. ते कच्च्या बाजूला गेले तर चौघींपैकी कोणीही ओरडते. घरी सासूबाईंची चिकन नळाखाली धुण्याची सवय मोडायला याहून जास्त दिवस लागले. धुतल्याने जीवाणू जात नाहीत, शिंतोड्यांतून ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या काकडीवर जातात, हे त्यांना पटले. पण ‘न धुता कसं बाई शिजवायचं’ हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अजून सुटलेला नाही.

आबांच्या शेडवर मी पशुधन विकास अधिकाऱ्यांना घेऊन गेले. त्यांचे म्हणणे असे होते की आजारी बॅचला औषध नाकारू नका, पण आजार नसताना पहिल्या तीन दिवसांचा कोर्स बंद करा, आणि तो बंद करायचा असेल तर त्याच्या जागी कष्ट घाला. जुने तूस पूर्ण काढले, जमीन आणि भिंती धुऊन चुना मारला, शेड दोन आठवडे रिकामी ठेवली, पाण्याच्या टाकीत क्लोरीन सुरू केले, मानमोडी आणि गंबोरो या कोंबड्यांच्या रोगांवरच्या लशींचे दिवस भिंतीवर लिहिले. २५ जानेवारीला पिल्ले उतरली. पहिल्या आठवड्यात मर वाढली आणि आबांचे रोज फोन आले. आधीच्या बॅचला ४८ पिल्ले मेली होती, या बॅचला ७१ मेली. किलोमागे १२ रुपये जास्त द्यायचे मी कबूल केले होते, तेही त्यांना पुरेसे वाटले नाही, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही.

१२ मार्चला त्या बॅचच्या मांसाची पाच पाकिटे पुन्हा पुण्याला नेली. या वेळी अवशेषांची चाचणी वगळली, तिचे उत्तर ठाऊक होते. १४,७५० रुपये झाले. तिन्ही फेऱ्यांचे मिळून ४९,३२४ रुपये, प्रवास आणि खोकी वेगळी. २७ मार्चचा अहवाल असा: साल्मोनेला नाही, टेट्रासायक्लिनला दाद न देणारे तीन, सिप्रोफ्लॉक्सॅसिनला न देणारे दोन, ईएसबीएल एक. मी आनंदाने फोन केला तर मॅडमनी लगेच आवरले. पाच-पाच जीवाणूंवरून सुधारणा झाली असे म्हणणे म्हणजे पाच मतदारांना विचारून निकाल जाहीर करणे आहे, आणि पिल्ले उबवणी केंद्रातूनच काही जीवाणू घेऊन येतात, त्यावर आबांचा किंवा माझा ताबा नाही.

मेसला मी पत्र लिहिले. त्यात म्हटले की औषधांचे अवशेष आढळलेले नाहीत, त्याचा अहवाल सोबत आहे. कच्च्या कबाबांवर औषधांना दाद न देणारे जीवाणू असू शकतात आणि ते नाहीत अशी हमी मी देऊ शकत नाही. कबाब आतपर्यंत ७५ अंश गरम करावेत, कच्च्या मालाचा सुरा आणि पाट कोशिंबिरीला वापरू नयेत. ‘अँटिबायोटिक-फ्री’ हे शब्द मी वापरणार नाही, असेही लिहिले, कारण वाचणारा त्याचा अर्थ अवशेषांपुरता घेत नाही. ४,००० स्टिकर कपाटात आहेत. तो शब्द मार्करने खोडून आतल्या खोक्यांवर बॅच क्रमांक लिहायला कामी येतात. मेसचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. पालकांच्या समितीत दोन मते पडली होती. त्यांनी २० किलोंऐवजी ८ किलोंची मागणी नोंदवली, फक्त तळलेल्या कटलेटची, आणि मेसच्या आचाऱ्याने खाली पेनाने लिहिले होते की आतले तापमान मोजायचा थर्मामीटर कुठल्या दुकानात मिळतो ते कळवावे.